आणलेली माणसे, हलवलेली माणसे : मॉरिशस, चागोस आणि हिंदी महासागरातील बेटांचा वसाहती वारसा

मादागास्करच्या पूर्वेला सुमारे ८०० किलोमीटरवर मॉरिशस हे ज्वालामुखीतून वर आलेले बेट आहे. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ १,८६५ चौरस किलोमीटर आणि देशाची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास आहे. २०११ च्या जनगणनेत हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ११ लाख ७७ हजार होती आणि हा जिल्हा मॉरिशसच्या दुपटीहून मोठा आहे. म्हणजे एका लहान मराठवाडी जिल्ह्याएवढी माणसे त्याच्या निम्म्याहून कमी जमिनीवर राहतात. या देशाच्या ताब्यात किंवा दाव्यात मात्र रोड्रिग्ज, आगालेगा, सेंट ब्रँडन, चागोस आणि त्रोमलँ अशी शेकडो मैल पसरलेली बेटे येतात आणि त्यांच्या भोवतीचे सागरी क्षेत्र सुमारे २३ लाख चौरस किलोमीटर भरते.

या बेटांपैकी एकावरही मूळ रहिवासी नव्हते. आज तिथे राहणारा प्रत्येक समाज कोणीतरी आणलेला आहे किंवा कुणाच्या तरी मागोमाग आलेला आहे. गुलाम मोझांबिक व मादागास्करहून आले, मजूर बिहार, तमिळनाडू, आंध्र व कोकणातून आले, व्यापारी गुजरात आणि चीनमधून आले, मळेवाले फ्रान्समधून आले. बेट कशासाठी उपयोगी आहे हे दूरच्या राजधानीत ठरत असे आणि त्याप्रमाणे तिथे माणसे आणली जात किंवा तिथून हलवली जात. उसासाठी माणसे आणल्याचे उदाहरण मॉरिशस आहे, तर लष्करी तळासाठी माणसे हलवल्याचे उदाहरण चागोस. मराठी समाज यांतल्या पहिल्या घटनेचा भागीदार आहे. दुसऱ्या घटनेचा वाद अजून चालू आहे.

तीन सत्ता, एक बेट

अरब खलाशांना ही बेटे माहीत होती. सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीज इथे आले. मॉरिशस, रेयुनियाँ आणि रोड्रिग्ज या त्रयीला मास्करीन बेटे म्हणतात, ते पेद्रो मास्करेन्यस या पोर्तुगीज दर्यावर्दीवरून. हाच मास्करेन्यस पुढे १५५४ मध्ये पोर्तुगीज भारताचा व्हाइसरॉय झाला आणि १५५५ मध्ये गोव्यातच वारला. पोर्तुगिजांनी बेटांना नावे दिली, पण वस्ती केली नाही. मोझांबिकहून गोव्याकडे जाणाऱ्या त्यांच्या जहाजांना या बेटांवर थांबण्याची फारशी गरज नव्हती.

१५९८ मध्ये डच आले. नासाऊचा राजपुत्र मॉरिस याच्या नावावरून त्यांनी बेटाला मॉरिशस म्हटले. १६३८ ते १६५८ आणि १६६४ ते १७१० अशी दोनदा त्यांनी वसाहत केली आणि दोन्ही वेळा सोडून दिली. जाताना त्यांनी तीन गोष्टी मागे ठेवल्या : तोडून विरळ झालेली आबनुसाची रानं, जावाहून आणलेला ऊस आणि जावाहूनच आणलेली हरणे. उडता न येणारा डोडो पक्षी सतराव्या शतकाच्या अखेरीस नामशेष झाला. शिकारीपेक्षाही जहाजांतून उतरलेली डुकरे, माकडे आणि उंदीर त्याला जास्त भोवले, कारण तो जमिनीवर अंडी घालत असे.

१७१५ मध्ये फ्रान्सने बेट ताब्यात घेऊन त्याचे नाव ‘इल द फ्रान्स’ ठेवले. १७३५ ते १७४६ या काळात गव्हर्नर असलेल्या माहे द ला बूर्दोने याने पोर्ट लुई बंदर उभारले, रस्ते बांधले, साखरेचा पहिला मोठा कारखाना सुरू केला. १७४६ मध्ये इंग्रजांकडून मद्रास घेणारा फ्रेंच सेनानी तो हाच. भारताकडे जाणाऱ्या इंग्रजी जहाजांवर झडप घालण्यासाठी हे बेट सोयीचे ठाणे होते. बंदर आणि मळे उभे राहिले ते मोझांबिक व मादागास्करहून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर. त्यांच्या जगण्यावर १७२३ च्या ‘काळ्या संहिते’चे नियम लागू होते. पळून जाणारे गुलाम नैर्ऋत्य टोकाच्या ल मोर्न डोंगरात आसरा घेत. तो डोंगर २००८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला.

या काळातली एक हकिकत लहानशा त्रोमलँ बेटावरची आहे. १७६१ मध्ये गुलाम घेऊन जाणारे एक फ्रेंच जहाज या चौरस किलोमीटरभर वाळूच्या बेटावर फुटले. वाचलेल्या खलाशांनी मोडक्या लाकडांतून बोट बांधली आणि परत येण्याचे आश्वासन देऊन सुमारे साठ मादागास्करी माणसांना मागे ठेवले. पंधरा वर्षांनी, १७७६ मध्ये, जहाज आले तेव्हा सात बायका आणि एक तान्हे मूल एवढेच जिवंत होते. त्रोमलँवर आज फ्रान्सचा ताबा आहे आणि मॉरिशसचा दावा आहे.

इंग्रजांनी डिसेंबर १८१० मध्ये बेट जिंकले. मोहिमेचा सेनापती जॉन ॲबरक्रोंबी हा त्या वेळी मुंबई लष्कराचा सरसेनापती होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ग्रां पोरच्या आरमारी लढाईत इंग्रज हरले होते. फ्रेंचांना तो विजय इतका मोलाचा वाटला की पॅरिसच्या विजयकमानीवर तो कोरला गेला. १८१४ च्या पॅरिस तहाने मॉरिशस, रोड्रिग्ज, सेशेल्स आणि चागोस ब्रिटनकडे गेले, तर रेयुनियाँ फ्रान्सला परत मिळाले. फ्रेंच मळेवाल्यांची जमीन, भाषा, धर्म आणि दिवाणी कायदा इंग्रजांनी तसाच राहू दिला. त्यामुळे दीडशे वर्षे राज्य इंग्रजांचे आणि मालकी फ्रेंचांची अशी स्थिती राहिली. आजही सरकारी कामकाज इंग्रजीत चालते, वर्तमानपत्रे मुख्यतः फ्रेंचमध्ये निघतात आणि घरोघरी क्रिओल बोलली जाते.

गुलामगिरीनंतरचा करार

ब्रिटिश काळात आलेले पहिले भारतीय कामकरी मजूर नव्हते, ते कैदी होते. गव्हर्नर रॉबर्ट फार्कर याच्या मागणीवरून १८१५ पासून बंगाल आणि नंतर मुंबई इलाख्यातून सुमारे दीड हजार जन्मठेपेचे कैदी मॉरिशसला पाठवण्यात आले. बेटावरचे अनेक रस्ते आणि पूल त्यांनी बांधले. १८३६ मध्ये बीगल जहाजातून आलेल्या चार्ल्स डार्विनने त्यांना पाहिले आणि त्यांची संख्या आठशेच्या आसपास असल्याची नोंद केली. काळ्या पाण्यासाठी अंदमान निवडले गेले ते याच्या कितीतरी नंतर, १८५८ मध्ये.

१ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशसमध्ये गुलामगिरी संपली. साठ हजारांहून अधिक गुलाम मुक्त झाले. भरपाईपोटी सुमारे २० लाख पौंड मोजले गेले, पण ते मालकांना. गुलामांच्या हाती काहीही आले नाही. मुक्त झालेल्यांनी बहुतांशी मळ्यांकडे पाठ फिरवली आणि मळेवाल्यांना नवे हात लागू लागले. १८२५ मध्ये ब्रिटनने मॉरिशसच्या साखरेवरील जकात वेस्ट इंडीजच्या साखरेएवढी केली होती, त्यामुळे उसाचे क्षेत्र झपाट्याने वाढत होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ जहाजातून कलकत्त्याहून ३६ मजूर पोर्ट लुईला उतरले. ब्रिटिश सरकारने या बेटाचा उपयोग एका मोठ्या प्रयोगासाठी केला : गुलामांऐवजी करारबद्ध मजुरांवर मळे चालतात का, हे पाहण्यासाठी. प्रयोग यशस्वी ठरला आणि हीच पद्धत पुढे त्रिनिदाद, गयाना, नाताळ, फिजी, सुरिनाम इथे गेली. मॉरिशसमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांहून अधिक भारतीय उतरले. १८६१ मध्येच ते बेटाच्या लोकसंख्येत जवळपास दोन-तृतीयांश झाले होते.

पोर्ट लुईच्या धक्क्यावर १८४९ मध्ये बांधलेल्या आगमन केंद्राच्या सोळा पायऱ्या आज आप्रवासी घाट म्हणून जतन केल्या आहेत. २००६ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा स्थळ ठरवले. इथे उतरलेल्या मजुराचे नाव, बापाचे नाव, जात, गाव, उंची आणि अंगावरच्या खुणा नोंदल्या जात आणि त्याला एक क्रमांक मिळे. करारात महिना पाच रुपये, तांदूळ, डाळ, तेल, मीठ आणि वर्षाला कपडे असे ठरलेले असे. एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाई. मळ्यावर मजूर आणि गोरा मालक यांच्यामध्ये ‘सरदार’ असे; बहुधा तो मजुरांच्याच भागातला असे आणि कधी कधी भरतीसाठी परत गावी जाऊन नवी टोळी घेऊन येई.

मराठवाड्यातल्या वाचकाला ही रचना परकी वाटणार नाही. हिंगोली जिल्ह्यातल्या साखऱ्यासारख्या गावांच्या परिसरातही ऊसतोडीची भाषा सर्वांना ठाऊक आहे : दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून घेतलेली उचल, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, टोळी, आणि कामावर न गेल्यास भरावा लागणारा खाडा. मॉरिशसची पद्धत याहून कठोर होती, कारण तिच्यामागे कायद्याची शिक्षा होती. करार मोडणे हा फौजदारी गुन्हा होता. १८६७ च्या भटकेगिरीविरोधी कायद्याने तर करार संपलेल्या जुन्या मजुरांनाही छायाचित्र लावलेला परवाना सोबत बाळगण्याची सक्ती केली. परवाना नसलेल्याला पोलीस धरून नेत. त्याच वर्षी हिवतापाच्या साथीने बेटावर हजारो माणसे मेली.

या कायद्यांविरुद्ध १८७१ मध्ये नऊ हजारांहून अधिक जुन्या मजुरांनी अर्ज केला. तो तयार करण्यात अडॉल्फ द प्लेविट्झ या मळेमालकाच्या घरातल्याच माणसाचा पुढाकार होता आणि त्यासाठी त्याला गोऱ्या समाजाकडून मारहाणही झाली. त्यातून शाही आयोग नेमला गेला. १८७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालाने अनेक तक्रारी खऱ्या असल्याचे मान्य केले. त्यानंतरच्या काळात साखरेचे भाव पडले आणि मळेवाल्यांनी जमिनीचे लहान तुकडे विकायला काढले. पैसे साठवलेल्या मजुरांनी आणि सरदारांनी ते घेतले. भारतीय खेड्यांची वस्ती, देवळे आणि पुढे राजकारणही या तुकड्यांवर उभे राहिले.

मुंबईची वाट

करारबद्ध मजुरांत कलकत्त्याहून आलेल्यांची संख्या सर्वांत मोठी, त्याखालोखाल मद्रासची. मुंबई बंदरातून गेलेले त्या मानाने थोडे. मुख्यतः १८४० आणि १८५० च्या दशकांत, कोकणातून, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यातून, आणि घाटावर सातारा भागातून ही माणसे निघाली. कोकणात पीक एकच, जमीन थोडी आणि तीही खोताच्या कुळाने कसायची. त्यामुळे मुंबईला जाऊन मजुरी करण्याची सवय आधीच पडली होती. बंदरावर भरती करणारा भेटला की वाट मुंबईपुरती न राहता पुढे मॉरिशसपर्यंत जाई. पुढे मुंबईतच रेल्वे, गोदी आणि कापडगिरण्यांनी मजुरीला मागणी निर्माण केली आणि समुद्रापारची वाट जवळजवळ बंद झाली.

आलेल्यांत बायका फार कमी होत्या. काहींनी बिहारी व तमिळ घरांत लग्ने केली, तरी मराठी वस्त्या टिकून राहिल्या. त्या मुख्यतः पश्चिम आणि दक्षिण भागांत, रिव्हिएर न्वार, प्लेन विल्हेम्स आणि साव्हान या जिल्ह्यांत आहेत. हेन्रिएटा, कास्काव्हेल, वाकोआ, पाल्मा या गावांत मराठी आडनावे आणि -जी ने संपणारी नावे आढळतात. मराठी माणसांचे देशातले प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास मानले जाते.

इतक्या लहान समाजाने टिकवलेल्या गोष्टी मात्र थोड्या नाहीत. सार्वजनिक गणेशोत्सव १८९६ मध्ये हेन्रिएटा इथे सुरू झाला असे तिथे सांगितले जाते. गणेश चतुर्थी ही मॉरिशसमध्ये राष्ट्रीय सुट्टी आहे आणि विसर्जनाला मराठी नसलेलेही लोटतात. लग्नकार्यात गोंधळ घातला जातो. उत्सवात ‘झाकरी’ नाचली जाते. कोकणातल्या जाखडी नाचाचीच ती बेटावरची शाखा आहे. गणपतीत गोल धरून, पायांत घुंगरू बांधून नाचण्याची ही रीत मजुरांनी सोबत नेली आणि मूळ गावांत चाली व वाद्ये बदलत गेली तरी तिथे जुने वळण बरेच राहिले.

भाषेचे तसे झाले नाही. मळ्यावर सर्वांना कळणारी भाषा क्रिओल होती आणि भारतीय मजुरांत भोजपुरी मोठी. आज मराठी घरांतही बोलणे क्रिओलमध्येच होते. मराठी आहे ती शाळेत, देवळात आणि मंचावर. सरकारी प्राथमिक शाळांत मराठी ही ऐच्छिक पौर्वात्य भाषा म्हणून शिकवली जाते. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मराठीचा विभाग आहे. मराठी मंडळी फेडरेशन आणि तिच्याशी जोडलेली गावोगावची मंडळे नाटके, भजने, शिवजयंती करतात. १९९१ मध्ये जागतिक मराठी परिषदेचे अधिवेशन मॉरिशसमध्ये भरले. एप्रिल २०२३ मध्ये तिथल्या मराठी सांस्कृतिक केंद्रात छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा बसवण्यात आला. जनगणनेत ‘पूर्वजांची भाषा’ असा वेगळा रकाना आहे आणि धर्माच्या रकान्यातही हिंदूंबरोबर तमिळ, तेलुगू, मराठी अशा स्वतंत्र नोंदी होतात. भाषा बोलण्यातून गेली तरी ओळख म्हणून, आणि काही प्रमाणात राजकीय हिशेब म्हणूनही, ती मोजली जाते.

करारपद्धती संपवण्याच्या लढ्यातही एक धागा रत्नागिरीचाच आहे. १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून परतताना गांधीजी मॉरिशसला सुमारे तीन आठवडे थांबले. त्यांच्याच सांगण्यावरून वकील मणिलाल डॉक्टर १९०७ मध्ये तिथे गेले, मजुरांचे खटले चालवले आणि ‘हिंदुस्थानी’ पत्र काढले. भारतातल्या कायदेमंडळात हा प्रश्न लढवला तो गुहागर तालुक्यातल्या कोतळूकला जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी. १९१० मध्ये त्यांनी नाताळला होणारी मजूरभरती बंद करण्याचा ठराव मांडला आणि सरकारने तो स्वीकारला. मार्च १९१२ मध्ये त्यांनी साऱ्या वसाहतींसाठीच करारपद्धती बंद करण्याचा ठराव मांडला. भारतीय सदस्य पाठीशी उभे राहिले, पण सरकारी बहुमताने तो पडला. गोखले १९१५ मध्ये वारले. करारबद्ध मजुरांची रवानगी १९१७ मध्ये थांबली.

स्वातंत्र्य आणि तोडून घेतलेली बेटे

मॉरिशसमध्ये मजूर पक्ष १९३६ मध्ये स्थापन झाला. १९३७ आणि १९४३ मध्ये ऊसमजुरांच्या संपांवर गोळीबार झाला. १९४८ मध्ये साधे लिहिता-वाचता येणाऱ्यांना मताधिकार मिळाला आणि सत्तेचे पारडे भारतीय वंशाच्या बहुसंख्येकडे झुकले. १९६७ च्या निवडणुकीत सिवूसागर रामगुलाम यांच्या आघाडीने स्वातंत्र्याच्या बाजूने कौल मिळवला. तरी ४४ टक्के मते विरोधात गेली होती. हिंदू बहुसंख्येच्या राज्यात आपले काय होईल ही धास्ती क्रिओल आणि इतर अल्पसंख्याकांत होती. १२ मार्च १९६८ ला देश स्वतंत्र झाला आणि १९९२ मध्ये त्याच तारखेला प्रजासत्ताक झाला.

स्वातंत्र्याची किंमत मात्र तीन वर्षे आधी लंडनमध्ये ठरली होती. सप्टेंबर १९६५ मध्ये लँकेस्टर हाउसच्या वाटाघाटींत चागोस द्वीपसमूह मॉरिशसपासून तोडण्यास रामगुलाम यांची संमती घेण्यात आली. मोबदला ३० लाख पौंड. वसाहतीचा नेता स्वातंत्र्य मागायला आलेला असताना दिलेली ही संमती मोकळेपणी दिलेली होती का, हा पुढच्या साऱ्या खटल्यांचा गाभा ठरला. ८ नोव्हेंबर १९६५ ला ब्रिटनने ‘ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश’ ही नवी वसाहत निर्माण केली, म्हणजे बाकी साऱ्या वसाहती मोकळ्या होत असताना. १९६६ च्या कराराने त्यातले सर्वांत मोठे बेट, दिएगो गार्सिया, अमेरिकेला लष्करी तळासाठी मिळाले. त्या बदल्यात ब्रिटनला पोलारिस क्षेपणास्त्रांच्या खरेदीत १ कोटी ४० लाख डॉलरची सूट मिळाली.

चागोसवर अठराव्या शतकाच्या अखेरीपासून वस्ती होती. नारळाच्या बागांसाठी आणलेल्या गुलामांचे आणि नंतर आलेल्या मजुरांचे वंशज तिथे खोबरे आणि तेल काढून राहत. त्यांची स्वतःची क्रिओल बोली होती, चर्च होती, पिढ्यांची थडगी होती. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी कागदोपत्री त्यांना तात्पुरते कंत्राटी कामगार ठरवले, कारण कायम रहिवासी असल्याचे मान्य केले तर संयुक्त राष्ट्रांना जाब द्यावा लागला असता. १९६८ ते १९७३ या काळात सुमारे दीड ते दोन हजार माणसांना हलवण्यात आले. आधी मॉरिशसला औषधोपचारासाठी गेलेल्यांना परत येऊ दिले नाही, मग रसद कमी केली, मग बेटावरचे पाळीव कुत्रे मारून टाकले आणि शेवटी उरलेल्यांना जहाजांत भरून सेशेल्स व पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरवले. पोर्ट लुईच्या झोपडवस्त्यांत त्यांना काम नव्हते, घर नव्हते. १९७२ मध्ये ब्रिटनने मॉरिशसला साडेसहा लाख पौंड दिले, १९८२ मध्ये आणखी ४० लाख.

पुढची लढाई न्यायालयांत झाली. ऑलिव्हिये बांकू यांच्या नेतृत्वाखाली चागोसवासीयांनी २००० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात हद्दपारीविरुद्ध निकाल मिळवला. २००४ मध्ये सरकारने राणीच्या विशेष आदेशाने परतीचा हक्क पुन्हा काढून घेतला आणि २००८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी ते योग्य ठरवले. २०१० मध्ये ब्रिटनने चागोसभोवती सागरी संरक्षित क्षेत्र घोषित केले. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने ती घोषणा मॉरिशसचे हक्क डावलणारी असल्याचे सांगितले. २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने प्रकरण आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे सोपवले. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी न्यायालयाने १३ विरुद्ध १ मताने सल्लागार अभिप्राय दिला : मॉरिशसचे वसाहतमुक्त होणे कायदेशीररीत्या पूर्ण झालेले नाही आणि ब्रिटनने चागोसवरील ताबा लवकरात लवकर सोडावा. त्याच वर्षी मेमध्ये आमसभेने ११६ विरुद्ध ६ मतांनी त्याला पाठिंबा दिला. भारत मॉरिशसच्या बाजूने होता.

२२ मे २०२५ रोजी ब्रिटन आणि मॉरिशस यांनी करारावर सह्या केल्या. सार्वभौमत्व मॉरिशसकडे, दिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षे ब्रिटन-अमेरिकेकडे, आणि त्यासाठी ब्रिटनने मॉरिशसला दरवर्षी सरासरी १० कोटी १० लाख पौंड द्यायचे, असे त्याचे स्वरूप आहे. चागोसवासीयांसाठी ४ कोटी पौंडांचा निधी ठेवला आहे. सहीनंतरही वाद शमला नाही. ब्रिटनमध्ये अनेकांना तो तळाच्या सुरक्षेशी केलेला खेळ वाटतो. चागोसवासीयांतही दोन मते आहेत. मॉरिशसच्या नागरिकत्वाखाली इतर बेटांवर परतणे शक्य होईल म्हणून काहींना करार हवा आहे. लंडनजवळच्या क्रॉली गावात स्थायिक झालेल्या अनेकांना मात्र वाटते की वाटाघाटीच्या मेजावर दोन सरकारे होती, आपण नव्हतो. ज्या बेटावरून सर्वाधिक माणसे हलवली त्या दिएगो गार्सियावर परतण्याची तरतूद या करारातही नाही.

शेजारची दुसरी वाट

मॉरिशसपासून दोनशे किलोमीटरवरच्या रेयुनियाँने वेगळी वाट घेतली. तिथे गुलामगिरी २० डिसेंबर १८४८ ला संपली आणि त्यानंतर भारतीय मजूर मोठ्या संख्येने गेले. त्यांतले बहुतेक तमिळ. १९४६ मध्ये ही वसाहत फ्रान्सचा एक जिल्हा बनली. आज तिथे युरो चालतो, युरोपीय संघाचे कायदे लागू आहेत, रस्ते आणि दवाखाने फ्रान्सच्या तोडीचे आहेत. पण बेरोजगारी मुख्य फ्रान्सपेक्षा बरीच जास्त आहे आणि बहुतेक माल दहा हजार किलोमीटरवरून येत असल्याने महागाईही मोठी. २०१८ च्या अखेरीस महागाईवरून उसळलेल्या आंदोलनाने बेट अनेक दिवस ठप्प झाले होते. फ्रेंच नागरिकत्व मिळाल्याने माणसे हलवणे थांबले असेही नाही. १९६२ ते १९८४ या काळात सुमारे दोन हजार मुलांना रेयुनियाँहून उचलून फ्रान्सच्या ओस पडत चाललेल्या क्रूझ आणि इतर ग्रामीण जिल्ह्यांत नेण्यात आले. २०१४ मध्ये फ्रेंच संसदेने त्याबद्दल राज्याची नैतिक जबाबदारी मान्य केली.

उत्तरेकडचे मायोत बेट २०११ मध्ये फ्रान्सचा जिल्हा झाले. कोमोरोसचा त्यावर दावा आहे. तो फ्रान्सचा सर्वांत गरीब जिल्हा आहे. डिसेंबर २०२४ मधल्या चिडो चक्रीवादळाने तिथल्या पत्र्याच्या वस्त्या जमीनदोस्त केल्या.

देशाच्या आतली दूरची बेटे

केंद्र आणि दूरचे बेट हे नाते स्वतंत्र मॉरिशसच्या आतही आहे. सुमारे सहाशे किलोमीटर पूर्वेच्या रोड्रिग्जवर चाळीस हजारांहून अधिक लोक राहतात, बहुतेक आफ्रिकी वंशाचे आणि कॅथलिक. स्वातंत्र्याच्या कौलात या बेटाने विरोधात मत दिले होते. दीर्घ दुर्लक्षानंतर २००२ मध्ये त्याला स्वतःची प्रादेशिक विधानसभा मिळाली. पाण्याची टंचाई, तरुणांचे स्थलांतर आणि कमी होणारी मासळी हे तिथले रोजचे प्रश्न. मासळीच्या प्रश्नावर तिथे एक उपाय लागू पडला आहे : २०१२ पासून वर्षातले ठराविक आठवडे अष्टपाद पकडायला बंदी असते, त्या काळात मच्छीमारांना दुसरे काम दिले जाते आणि बंदी उठल्यावर मोठे अष्टपाद मिळतात.

आगालेगा ही जुळी बेटे उत्तरेला हजार किलोमीटरहून दूर आहेत. तिथे जेमतेम तीनशे माणसे नारळ आणि मासळीवर राहतात. २०१५ मध्ये भारत-मॉरिशस करार झाला आणि २९ फेब्रुवारी २०२४ रोजी भारताच्या खर्चाने बांधलेली धावपट्टी व धक्का सुरू झाला. आजाऱ्याला वेळेवर मुख्य बेटावर नेता येईल, चक्रीवादळात मदत पोहोचेल, हा फायदा खरा आहे. तीन किलोमीटरची धावपट्टी मोठ्या टेहळणी विमानांनाही पुरते, हेही खरे. दोन्ही सरकारांनी हा लष्करी तळ नसल्याचे सांगितले आहे. चागोसचा इतिहास समोर असल्याने आगालेगाचे रहिवासी जमिनीवरचा आपला हक्क लेखी मागत आले आहेत.

उसानंतर

स्वातंत्र्याच्या वेळी मॉरिशसच्या निर्यातीत नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा साखरेचा होता. १९७५ च्या लोमे करारातील साखर कलमाने दरवर्षी सुमारे पाच लाख टन साखर हमीभावाने युरोपात घेतली जाई. त्या पैशातून कापड उद्योग, पर्यटन आणि वित्तसेवा उभ्या राहिल्या. १९७० पासूनच्या निर्यात क्षेत्राने हजारो स्त्रियांना पहिली नोकरी दिली. मग युरोपाने साखरेचा भाव ३६ टक्क्यांनी उतरवला, २००९ मध्ये साखर कलम संपले, २०१७ मध्ये युरोपातील कोटेही गेले. कधीकाळी शेकड्यांनी असलेल्या गिरण्यांपैकी आज तीन उरल्या आहेत. त्या विशेष साखर, चिपाडापासून वीज आणि मळीपासून मद्यार्क यांवर तग धरून आहेत. लहान शेतकऱ्यांनी उसाची शेते पडीक टाकली आहेत आणि किनाऱ्याजवळची जमीन बंगल्यांसाठी विकली जात आहे. अन्नधान्याचा मोठा भाग आयात होतो.

कापड गिरण्या, बांधकाम आणि हॉटेलांत आता बांगलादेश, भारत, नेपाळ आणि मादागास्करचे मजूर कराराने येतात. करारबद्ध मजुरांच्या वंशजांच्या देशात नव्या करारबद्ध मजुरांचे हक्क हा प्रश्न उभा आहे. जन्मदर खूप खाली गेल्याने लोकसंख्या म्हातारी होत आहे आणि बाहेरच्या हातांशिवाय कारखाने चालणे कठीण झाले आहे.

भारताशी असलेल्या आर्थिक नात्यातही बदल झाला. १९८२ च्या दुहेरी कर टाळण्याच्या कराराने मॉरिशस हा भारतात येणाऱ्या परकी भांडवलाचा मोठा मार्ग बनला होता. करचुकवेगिरीच्या आरोपांनंतर २०१६ मध्ये तो करार बदलला आणि भांडवली नफ्यावरची सवलत गेली. १ एप्रिल २०२१ पासून दोन देशांत व्यापक आर्थिक सहकार्य करार लागू आहे.

सर्वांत मोठे आव्हान समुद्राचे आहे. २५ जुलै २०२० रोजी ‘वाकाशिओ’ हे मालवाहू जहाज आग्नेय किनाऱ्यावरच्या प्रवाळ कड्यावर चढले आणि ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे हजार टन इंधन तेल खाडीत सांडले. सरकारी यंत्रणा हलण्याआधी हजारो नागरिकांनी उसाचे पाचट कापडी पिशव्यांत भरून तरंगते बांध शिवले आणि तेल अडवले. समुद्राचे तापमान वाढल्याने प्रवाळ पांढरे पडत आहेत, किनारे खचत आहेत. आगालेगा आणि चागोस ही बेटे समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंच आहेत. चागोसवर परतण्याचा हक्क मिळाला तरी परतायला जमीन किती वर्षे राहील, हा प्रश्न त्यामुळे हक्काच्या प्रश्नाला चिकटूनच येतो.

या साऱ्या बेटांत मराठी समाजाचे स्थान आकड्याने लहान, पण नोंदींनी पक्के आहे. महात्मा गांधी संस्थेतल्या दप्तरांत आलेल्या प्रत्येक मजुराच्या गावाची नोंद आणि १८६० च्या दशकापासून पुष्कळांची छायाचित्रे आहेत. त्यांच्या आधारे अनेक कुटुंबे कोकणातली मूळ गावे शोधतात. मार्च २०२४ मध्ये भारताने सातव्या पिढीपर्यंतच्या भारतवंशीय मॉरिशसवासीयांना परदेशस्थ भारतीय नागरिक कार्ड देण्याचे जाहीर केले. वसाहतीच्या कारकुनाने मजूर पळून गेल्यास सापडावा म्हणून ठेवलेली ही नोंद आज वंशजांच्या हक्काचा पुरावा ठरते. चागोसवासीयांच्या बाबतीत उलट घडले : त्यांची कायम रहिवासी म्हणून नोंदच होऊ दिली गेली नाही आणि त्या न केलेल्या नोंदीची भरपाई मिळवण्यात त्यांची दोन पिढ्यांची हयात गेली.